आयटीआयच्या पोरांना चाळीस मिनिटांचे डिजिटल धडे : अनुभव लिहितोय, मदतही हवी आहे

तापीकाठचा

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो, पण हे लिहायलाच हवं होतं.

चाकणला एका कारखान्यात बारा वर्षं मेंटेनन्सला काढली. आता तीन वर्षं झाली, रावेर तालुक्यात घरची केळी बघतो. बागेचं काम सकाळी उरकतं, दुपार मोकळी असते. जवळच्या एका आयटीआयमधले निदेशक, म्हणजे तिथले शिकवणारे, ओळखीचे आहेत. गेल्या वर्षी ते म्हणाले, "आमच्या पोरांना जरा कॉम्प्युटर शिकवता का?" म्हटलं, येतो. दर बुधवारी दोन पस्तीस ते सव्वातीन. मानधन नाही, चहा आहे.

पहिला बुधवार पार फसला. मी हौसेनं प्रोजेक्टर लावला. इनपुट, आउटपुट, सीपीयू, पहिला संगणक खोलीएवढा होता वगैरे. समोर बावीस पोरं, फिटर आणि इलेक्ट्रिशियन मिळून. "फाइल म्हणजे काय?" असं विचारलं, तर फिटरचा एक पोऱ्या शांतपणे म्हणाला, "सर, फ्लॅट का हाफ राउंड?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पुढच्या दहा मिनिटांत लाइट गेली, तेव्हा पोरांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो अजून डोळ्यांपुढे आहे.

घरी येताना गाडीवर तीच फाइल डोक्यात, म्हणजे फिटरची लोखंड घासायची कानस. फिटरच्या पोराला कानस चालवायला कोणी फळ्यावर शिकवतं का? व्हाइसमध्ये, म्हणजे पकडीत, लोखंडाचा तुकडा बांधतात, हातात कानस देतात आणि आठवडेच्या आठवडे घासायला लावतात. काटकोन तपासायचा ट्रायस्क्वेअर लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. मग कॉम्प्युटरच मी तोंडानं का शिकवत होतो?

दुसऱ्या बुधवारी प्रोजेक्टर नेलाच नाही. आदल्या आठवड्यात एका मुलाचा अप्रेंटिसचा फॉर्म फोटोपायी अडकला होता. भरतीच्या बऱ्याच फॉर्मांत फोटो २० ते ५० केबीत लागतो आणि मोबाइलचा फोटो असतो तीन-चार एमबीचा. पोरं सायबरवाल्याकडे जातात, तो दोन मिनिटांत करून देतो आणि पन्नास रुपये घेतो. मी म्हटलं, आज एवढंच. पावणेतीनपर्यंत नाही, सव्वातीनपर्यंत घ्या, पण प्रत्येकानं स्वतःचा फोटो आणि स्वतःची सही ५० केबीच्या आत आणून दाखवायची. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही, खिडकीच्या उजेडात फोटो, कडा कापायच्या, मग पेंटमध्ये नेऊन रीसाइज.

लॅबमध्ये नऊ कॉम्प्युटर, चालू सहा. एकेकावर तिघं-चौघं. तरी कोणी पेंगलं नाही. एकानं लांबी-रुंदी ५० टक्के केली आणि ओरडला, "सर, निम्मं करं तं केबी निम्म्यापेक्षाबी कमी व्हई गयं!" त्याला विचारलं, तुझ्या शेताची लांबी निम्मी केली, रुंदी निम्मी केली, तर एकरातलं किती उरेल? "पाव." बस. ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो २००० बाय १५०० झाला की एक कोटी वीस लाखांचे तीस लाख ठिपके राहतात. पिक्सेल हा शब्द मी त्यानंतर सांगितला. आधी सांगितला असता तर कोणाला घेणं होतं?

तेव्हापासून आठवड्याला एक काम. माझा एकच नियम आहे, आणि तो पोरांसाठी नाही, माझ्यासाठी आहे : माझे हात खिशात. पोरानं चुकीचं बटण दाबलं तरी माउसला हात लावायचा नाही. फार जड जातं हो. कारखान्यात सवय असते, "सरक, मी करतो."

आतापर्यंत जमलेल्यांत सगळ्यात रंगला तो वायरिंगच्या इस्टिमेटचा धडा. इलेक्ट्रिशियनच्या पोरांना त्यांच्याच घराचे पॉइंट मोजून आणायला सांगितले. दीड स्क्वेअर एमएमची वायर, ९० मीटरची कॉइल, बोर्ड, एमसीबी, केसिंगपट्टी. स्प्रेडशीटमध्ये नग एका रकान्यात, भाव दुसऱ्यात, गुणाकार तिसऱ्यात. पहिल्या ओळीत सूत्र लिहायचं आणि कोपरा धरून खाली ओढायचं. सगळं झाल्यावर म्हटलं, आता कॉइलचा भाव दोनशेनं वाढला, बदला. एक आकडा बदलला आणि खालची बेरीज आपोआप हलली. मागच्या बाकावरचा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाइकासमोर बसून करता येईल?" होय बाबा, त्यासाठीच.

आता मदत कसली हवी? धडे संपत आले. अजून वीस-पंचवीस बुधवार आहेत. अट एकच, पोराच्या ट्रेडशी, म्हणजे तो शिकतोय त्या कामाशी, जोडलेलं काम हवं आणि सव्वातीनला हातात काहीतरी तयार हवं. सुचवा.

भरीतपार्टी

वाचतोय. "फ्लॅट का हाफ राउंड" 😂

जुना कानसवाला

तीस वर्षं निदेशक म्हणून नोकरी करून आता निवृत्त आहे. तुमचं वाचून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. राग अशासाठी की तुम्ही नवीन शोध लावल्यासारखं लिहिलंय. आम्हाला निदेशक प्रशिक्षणात चार पायऱ्या घोकून घेतल्या होत्या : तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. करून दाखवा, करायला लावा, तपासा. आयटीआय ज्या योजनेवर चालतात ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची आहे. हातानं शिकवणं आम्हाला कोणी शिकवायला नको.

पण खरं सांगतो, कॉम्प्युटर आला तिथे आम्हीच ते विसरलो. कारण आम्हालाच येत नव्हतं. लेथवर मी पोराच्या मागे खिशात हात घालून उभा राहू शकत होतो, कारण काय बिघडलं तर निस्तरता येईल ही खात्री होती. कॉम्प्युटरपुढे ती खात्री नव्हती, म्हणून पुस्तकातले इनपुट-आउटपुट वाचून दाखवायचो आणि लॅबला कुलूप. तुमचा नियम चांगला आहे, पण तो पाळायला आधी शिकवणाऱ्याचा हात बसलेला लागतो. पोरांआधी निदेशकांना चार बुधवार द्या. पोरांसमोर नको, वेगळे.

आणि एक. थिअरीचा पेपर आता कॉम्प्युटरवर असतो. कित्येक पोरांनी माउस पहिल्यांदा नीट धरलेला असतो तो परीक्षेच्या खोलीत. उत्तर येत असतं, पण पुढच्या प्रश्नावर जाताना हात कापतो. एक बुधवार निव्वळ तेवढ्यासाठी ठेवा. भारत स्किल्सच्या सरकारी साइटवर ट्रेडनुसार प्रश्नपेढ्या आहेत.

तापीकाठचा

@जुना कानसवाला, सर, कान धरतो. शोध मी लावला नाहीये. निदेशकांचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमचे निदेशक दर वेळी काहीतरी काम काढून बाहेर का जातात, ते आत्ता कळलं.

धुळेकर रोखठोक

कोणीतरी काडी टाकायलाच हवी, म्हणून मी टाकतो.

हे सगळं ठीक आहे, पण याला शिक्षण म्हणायचं का? हे बटण दाब, ते बटण दाब. एमएस-सीआयटी २००१ पासून हेच करतंय, अर्ध्या महाराष्ट्राकडे ते प्रमाणपत्र आहे आणि त्यातल्या निम्म्यांना आज साधी बेरीज लावता येत नाही. उद्या पेंटमधलं बटण दुसरीकडे सरकलं, की तुमचा पोऱ्या पुन्हा सायबरवाल्याच्या दारात. चाळीस मिनिटांत कृती शिकवता येते, समज नाही. तुम्ही पोरांना रेसिपी देताय, स्वैपाक शिकवत नाही.

महामार्ग गॅरेज

@धुळेकर, आपल्याच गावचा आहे म्हणून बोलतो. समज काय पुस्तकातून येते का भो?

माझं गॅरेज आहे धुळ्यात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही रस्ते इथेच भेटतात, त्यामुळे हरतऱ्हेच्या गाड्या येतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि गाडीतला दोषाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरशिवाय पान हलेना. मेकॅनिकची पोरं येतात माझ्याकडे, स्कॅनर लावतात, कोड येतो पी०३०१. एक नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. की लगेच, "शेठ, प्लग बदलू? कॉइल बदलू? इंजेक्टर बदलू?" गिऱ्हाइकाचे पैसे, यांचं काय जातं!

मी काय करतो ऐका. पेट्रोल गाडी असली की एक नंबरची, प्लगला ठिणगी देणारी कॉइल काढून दोनला लावायला सांगतो, दोनची एकला. कोड पुसायचा, गाडी चालवायची, पुन्हा स्कॅनर. आता पी०३०२ आला? म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. अजून पी०३०१ च येतोय? मग कॉइलला दोष देऊ नका, पुढे शोधा. अर्धा तास लागतो. पण एकदा स्वतःच्या हातानं केलेला पोऱ्या पुन्हा कधी कोड बघून पार्ट मागत नाही. कोड म्हणजे पत्ता असतो, चोराचं नाव नसतं. हे मी शंभर वेळा तोंडानं सांगितलं होतं, कोणाच्या कानात शिरलं नाही.

तापीकाठचा, डिझेल मेकॅनिकची पोरं असतील तर माझा जुना स्कॅनर घेऊन जा. चालतो अजून.

धुळेकर रोखठोक

@महामार्ग गॅरेज, तुमचं उदाहरण चांगलं आहे, कारण त्यात पोराला काहीतरी शोधायचं असतं. फोटो ५० केबी करण्यात शोधायचं काय आहे? माझा आक्षेप तिथे आहे.

पांझरेची पोर

माझा अनुभव वेगळा आहे. मुलींच्या शिवणकामाच्या वर्गात मी वर्षभर शिकवायला जात होते. तिथे पहिला प्रश्न फोनचाच. वीस मुलींपैकी स्वतःचा फोन सहा जणींकडे. बाकीच्यांचा भावाचा, वडिलांचा, किंवा "घरी विचारून सांगते". त्यामुळे "आपापला फोन काढा" म्हटलं की चौदा माना खाली. मी हे दोनदा केलं, मग लाज वाटली आणि सोडून दिलं. दोन जुने फोन सिमशिवाय वर्गातच ठेवले आणि आळीपाळीनं काम.

दुसरं म्हणजे, मी त्यांना ब्लाउजच्या डिझाइनचा कॅटलॉग व्हॉट्सॲप बिझनेसवर करायला लावला. फोटो सुंदर आले. खिडकीजवळ, मागे एकरंगी कापड, उजेड बाजूनं. पण नंबर द्यायची वेळ आली की एकही मुलगी तयार होईना. आधी मला वाटलं लाजताहेत. मग एकीनं सांगितलं, ताई, नंबर बाहेर गेला की रात्री-अपरात्री कोणाचेही मेसेज येतात आणि घरचे फोनच काढून घेतात. म्हणजे तिला धोका माझ्यापेक्षा जास्त समजत होता! पुढचा आठवडाभर आम्ही तेवढंच केलं. डीपी कोणाला दिसतो, लास्ट सीन बंद कसं करायचं, ब्लॉक आणि रिपोर्ट कुठे असतं, ग्रुपमध्ये आपल्याला कोण टाकू शकतं. तो धडा झाल्यावर आठ मुलींनी कॅटलॉग सुरू केला.

@धुळेकर, त्या मुलींनी शोधलंच ना काहीतरी?

धुळेकर रोखठोक

@पांझरेची पोर, हो. हे मान्य.

एमआयडीसी जळगाव

मी इथे एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. पाइप, ठिबक, चटई, डाळमिल, कुठल्याही कारखान्यात विचारा, रडगाणं एकच. अप्रेंटिसला पोरगा येतो, हाताला चांगला असतो, आणि बायोडेटा म्हणून वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवतो. फाइलचं नाव आयएमजी आणि पुढे चौदा आकडे. माझ्याकडे दिवसाला असे तीस येतात, मी कोणाचा कुठला शोधू?

प्रत्येकाचे तीन-तीन जीमेल असतात आणि तिन्हींचे पासवर्ड विसरलेले. सायबरवाल्यानं काढून दिलेला, पासवर्ड सायबरवाल्याकडेच. त्याहून मोठं दुखणं नावाचं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधे वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. पोर्टलला दोन्ही जुळत नाहीत आणि पोरगा बसतो हातावर हात धरून. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात एक बुधवार असा ठेवा : आधार, मार्कशीट, बँक पासबुक तीन्ही बाकावर मांडायची आणि अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. फरक सापडला तर दुरुस्तीला वर्ष हातात असतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सापडला तर सीट गेली.

कागदपत्रं मोबाइलवर ठेवायचं सरकारी डिजिलॉकरही तेव्हाच उघडून द्या. २०१५ पासून आहे, पण पोरं अजून मूळ मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन हिंडतात, पावसाळ्यातसुद्धा.

वायरमन सेकंड इयर

मी या सरांच्याच वर्गात आहे 🙏 मला हा धागा सरांनीच दाखवला.

फोटोचा धडा सगळ्यात कामाचा होता. धुळेकर साहेब, शोधायचं काय ते सांगतो. ५० केबीच्या आत आणलं, पण फॉर्म म्हणे २० च्या खालीपण नको. माझा झाला १४. आता वाढवू कसा? छोटा केलेला फोटो पुन्हा मोठा केला तं तोंड पार धूसर. सर काहीच बोलले नाही, खिशात हात. मग अर्ध्या तासानं डोक्यात आलं की मूळ फोटो ठेवायला पाहिजे होता, त्याच्यावरच सेव्ह केलं ही चूक. आता मी पहिली कॉपी करतो मग काम. हे माझं मी शोधलं.

आता आमच्या गल्लीत सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो. वीस रुपये घेतो. घ्यावे का नाही?

भरीतपार्टी

घे रे भो, सायबरवाला पन्नास घेतो. 😄

जुना कानसवाला

घे, पण पासवर्ड त्यांनाच टाकायला लाव. तू मान फिरवून बस.

सातपुड्यापलीकडे

तुम्ही सगळे सपाटीवरची मंडळी आहात. मी धडगाव भागात शिकवतो. आमच्याकडे पोरं पाड्यावरून येतात, घरी पावरी किंवा भिली बोलतात, मराठी शाळेत शिकलेली आणि फोनचा मेनू इंग्रजीत. म्हणजे एक बटण दाबायला तीन भाषांचा घाट चढायचा. पहिलं काम म्हणून फोनची भाषा मराठी करून दिली, तर पोरं म्हणाली सर, आणखी अवघड झालं! "संचयन" म्हणजे काय? "स्टोरेज" त्यांना माहीत होतं. शेवटी फोन इंग्रजीतच ठेवला आणि पंचवीस शब्दांचा तक्ता भिंतीवर लावला, प्रत्येकापुढे त्याचं चित्र.

नेटवर्क टेकडीवर. त्यामुळे जो धडा नेटशिवाय चालत नाही तो आमच्याकडे धडाच नाही. शीटचं ॲप ऑफलाइन चालतं. पीडीएफ पेनड्राइव्हवरून ओटीजीनं फोनमध्ये जातं. फोनवरून फोनवर ब्लूटूथ. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप गुजरातेत जातात, कधी पोरंही जातात, आणि चार महिन्यांनी परत येतात. लांबलचक अभ्यासक्रम असता तर त्यांचा धागाच तुटला असता. एकेका आठवड्याचं सुटं काम असल्यामुळे कुठूनही चढता येतं. तापीकाठचा, लहान धड्याचा खरा फायदा मला हा वाटतो, तुम्ही तो लिहिलाच नाहीत.

तुमचे धडे पेनड्राइव्हवर टाकून पाठवाल का? नंदुरबारपर्यंत एसटीनं आले तरी चालतील.

केळीचा घड

शेतकऱ्याच्या बाजूनं एक मागणी. सौर पंप बसले, कंट्रोलरवर आकडे चमकतात आणि पंप बंद पडला की मेकॅनिक येऊन डबा बदला म्हणतो. पोरांना तो कंट्रोलर वाचायला शिकवा. दिवसभर दर तासाला पॅनलचा करंट लिहून आलेख काढला तर सावली आली की पॅनलवर माती बसली, ते घरबसल्या कळेल.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं.

@धुळेकर रोखठोक, तुमचं वाचून गेल्या बुधवारी परीक्षाच घेतली. फोटोचंच काम, पण पेंट बंद, फोनमधलं कुठलंही ॲप वापरा. बावीसपैकी तेरांना जमलं, नऊ अडकले. नऊ हा आकडा लहान नाही. आता प्रत्येक काम दोनदा करणार, दुसऱ्या खेपेला मुद्दाम वेगळ्या ॲपवर. तेरांना काय जमलं ते मात्र मजेदार होतं. त्यांनी बटण शोधलं नाही, आधी "कट करायचंय, मग लहान करायचंय" असं कामाचं नाव शोधलं.

@केळीचा घड, आलेखाचं झकास. आमच्याकडे वर्कशॉपमध्येच दुपारी २३० व्होल्टच्या जागी १८०-१९० मिळतात. पोरांनी मल्टिमीटर लावून लिहायला सुरुवात केली आहे. आलेखात दुपारी खड्डा पडलेला दिसला की तो सगळ्यांना दाखवता येतो.

एक धडा लिहायचा राहिला. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज तुम्हालाही आला असेल. इलेक्ट्रिशियनच्या पोरांना गावात सगळे हाच मेसेज दाखवतात, "बघ रे, खरं आहे का?" म्हणून तो आम्ही वर्गात सोलून काढला. नंबर कोणाचा, ग्राहक क्रमांक का नाही, घाई का करताहेत. मग यूपीआय. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे दोघांनी समोरासमोर एक-एक रुपया पाठवून पाहिलं. चुकून गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. एका पोरानं त्याच संध्याकाळी आजोबांना फोनवरून थांबवलं. रक्कम त्यानं सांगितली नाही, मीही विचारली नाही.

@सातपुड्यापलीकडे, सतरा धडे लिहून झालेत, प्रत्येकी एक पान. शनिवारी पेनड्राइव्ह टाकतो. तुमच्या त्या पंचवीस शब्दांच्या तक्त्याचा फोटो मात्र हवा. आमच्या पोरांनाही लागणार आहे, सपाटीवर असूनसुद्धा.

@जुना कानसवाला, निदेशकांचा पहिला बुधवार ठरला. तिघं येतो म्हणालेत. तुम्ही याल का? ते माझ्यापुढे नाही कबूल करणार की येत नाही, तुमच्यापुढे करतील.

जुना कानसवाला

येतो. पण मलाही येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सातपुड्यापलीकडे

तक्त्याचा फोटो टाकतोय. तुमच्या वायरमनला सांगा, ५० केबीत बसवून दाखव.

वायरमन सेकंड इयर

बसवला सर. ४३. पण अक्षरं वाचता येत नाही आता 😅 मूळ कॉपी ठेवली आहे.